रागाचा इसार

वकिलाला पैसे देताना आपण जितके दिलदार असतो तितके लेकीच्या लग्नातही नसतो. तिथे निदान केटररशी घासाघीस करतो.

मी 25 हजार दिले. रोख. सात मिनिटांत. वर म्हणालो, ‘आणखी लागले तर संकोच करू नका, साहेब.’

साहेबांनी पुढे कधीच संकोच केला नाही.

कारण क्षुल्लक होतं, म्हणजे जमिनीचं होतं. गावाकडे आमचा वडिलोपार्जित तुकडा आहे. शेजारचा तुकडा चुलतभावाचा. ‘त्यानं तुमचा बांध कोरला’ असा फोन आला. फोन करणारा गावातला तो एक गृहस्थ, जो प्रत्येक गावात असतो, ज्याची स्वतःची गुंठाभर जमीन नसते आणि ज्याला सगळ्यांच्या हद्दी पाठ असतात.

आमच्या गावाच्या कमानीवर ‘तंटामुक्त गाव’ असं रंगवलेलं आहे. 2007 साली राज्य सरकारने ती मोहीम काढली, गावांना बक्षिसंही दिली. कमानीचा रंग अजून टिकून आहे. तंटे तिच्याच खालून एसटीने तालुक्याला जातात.

मीही गेलो.

तालुक्याच्या कोर्टासमोर असते तशी केबिन. काचेचं टेबल, काचेखाली गणपती आणि पतपेढीचं कॅलेंडर. मागच्या कपाटात लॉ रिपोर्टांच्या जाड बांधणीच्या रांगा, त्यांच्यावरची धूळही वर्षवार लावलेली. बाकावर माझ्यासारखेच तिघे, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा आणि चेहऱ्यावर न्याय.

साहेबांनी माझा सातबारा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘तुमची केस एकदम ओपन अँड शट आहे.’

ओपन करायचे 25 हजार. शट करायचे किती, हे मी विचारलं नाही.

कारकुनाने वकीलपत्र पुढे सरकवलं. ‘इथं सही, इथं सही, आणि इथं.’ मी वाचायला लागलो तर तो अशा नजरेने बघायला लागला की, जणू मी लग्नात मंगलाष्टकं थांबवून व्याकरण तपासतोय. न वाचता केल्या सह्या. काही छापील वकीलपत्रांत ‘एकदा दिलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मागणार नाही’ अशी ओळ बारीक टाइपात असते म्हणे. माझ्यात होती का? चष्मा साहेबांच्या कपाळावर होता. माझा घरी.

वकीलपत्राला कोर्ट फीचं तिकीट लागतं आणि वकील कल्याण निधीचंही. त्या निधीसाठी महाराष्ट्रात 1981 चा स्वतंत्र कायदा आहे.

अशील कल्याण निधीचं तिकीट अजून निघायचं आहे.

घरी आलो. बायकोने एकच शब्द उच्चारला. ‘पावती?’

‘अगं, वकिलाकडं पावती मागतात का कुठं?’ मी म्हणालो. दहा रुपयांच्या पार्किंगची पावती मागून त्या पोराला हैराण करणारा मी. वकिलापुढे मात्र कागद मागायला भिडस्त. जो माणूस दिवसभर कागदावरच जगतो, त्याच्याकडे कागद मागायची आपल्याला लाज वाटते.

हा पैसा असतो तरी कसला? आपण त्याला ॲडव्हान्स म्हणतो, ‘फाईल उघडायचे’ म्हणतो. इंग्रजी पिक्चर बघणारे रिटेनर म्हणतात. खरा रिटेनर म्हणजे वकिलाने आपल्यासाठी मोकळं राहावं म्हणून बांधून दिलेला पैसा. तो बँका देतात, कंपन्या देतात. माझ्यासारख्या दीड बिघ्याच्या जमीनदाराला कशाला हवा राखीव वकील? मी दिला तो इसार होता. रागाचा.

घराचा इसार दिला तर निदान इसारपावती होते.

मग मन बदललं. कसं बदललं ते सांगितलंच पाहिजे, कारण त्यात माझा काहीही मोठेपणा नाही.

चुलतभाऊ शहाणा निघाला. त्याने वकील गाठला नाही, भूमी अभिलेख कार्यालय गाठलं. हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला. नोटीस आली, भूकरमापक आला, सगळ्या गावाने बांधावर उभं राहून त्याला सूचना केल्या, त्याने एकही ऐकली नाही. काही दिवसांनी ‘क’ प्रत हातात आली. नकाशात स्वच्छ दिसत होतं. बांध कोरलेला होताच.

आमच्या बाजूने. दीड गुंठा. आमच्या तीर्थरूपांच्या काळात.

मतपरिवर्तनाला मन मोठं लागतं म्हणतात. मला नकाशा पुरला.

चुलतभाऊ म्हणाला, ‘दादा, जाऊ दे, खुणा नकाशाप्रमाणे लावू.’ काकूने पुरणपोळ्या केल्या. दीड गुंठा गेला, तरी जेवण उत्तम झालं. तंटा मिटला. शिल्लक राहिले 25 हजार, आणि ते तालुक्याला.

भांडण मिटल्याची बातमी वकिलाला सांगणं हा एक अवघड प्रसंग असतो. साहेब म्हणाले, ‘वा वा, आनंद आहे.’ आवाज असा की, जणू पेशंट न्यायच्या आधीच बरा झाला म्हणून अँब्युलन्सवाल्याला परत पाठवलंय.

मग शांतता. मी काचेखालचा गणपती बघितला. गणपतीने माझ्याकडे बघितलं.

‘तर ते... आपले... थोडेसे...’

भाषा बघा माझी. देताना खणखणीत पंचवीस हजार. मागताना ‘थोडेसे’. माझेच पैसे मी उसने मागावेत तसे मागत होतो.

साहेब मोकळेपणाने हसले. ‘अहो, पैसे कुठं पळून जातात? तुमचेच आहेत. पुढच्या केसला वळते करू.’

म्हणजे माझ्या नावावर 25 हजारांचं भांडण जमा. कापडाच्या दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते, पण बदलून तरी देतात. आता हे भांडण वापरायचं कुणाशी? सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मेहुणा आहे. मेहुण्याचं काम 25 हजारांत होणार नाही.

मी पुन्हा चिडलो. पण या वेळी केबिनीत जायच्या ऐवजी वाचायला बसलो. रागाच्या भरात केलेलं माझं हे पहिलंच स्वस्त काम.

आणि काय सांगू, नियम आहेत! बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, वकिलांच्या वर्तनाचे, छापील, ओळीने. नियम 25: अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवावा, तारखांसह. नियम 26: आलेले पैसे फीपोटी की खर्चापोटी हे लिहून ठेवावं, आणि प्रकरण चालू असताना अशिलाच्या लेखी संमतीशिवाय खर्चाचे पैसे फीकडे वळवू नयेत. नियम 30: अशिलाने मागितलं तर नक्कलेचा खर्च घेऊन हिशोबाची प्रत द्यावी.

वाचून गहिवरलो. ‘वळते करू’ हा शब्द साहेबांनी कुठून उचलला तेही कळलं.

नियम 12 तर माझ्यासाठीच लिहिल्यासारखा. वकिलाने प्रकरणातून अंग काढून घेतलं तर जेवढी फी कमावली नाही तेवढी परत करावी.

पुन्हा वाचा. वकिलाने अंग काढून घेतलं तर.

आणि अशिलाने काढून घेतलं तर? त्यावर हा नियम मौनव्रतात. नियम करणारेही वकीलच. अशिलाला मन असतं आणि ते बदलतं, ही शक्यता बहुधा कुणाच्या डोक्यात आली नसावी.

आता तुम्ही म्हणाल, मग ग्राहक आयोगात जा. फ्रीज बिघडला तर जातो, टूर कंपनीने फसवलं तर जातो. 2007 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलंच होतं की वकिलाची सेवाही ग्राहक कायद्यात येते. वकील मंडळी सुप्रीम कोर्टात गेली. त्यांना वकील शोधायला लांब जावं लागलं नसणार. 14 मे 2024 ला निकाल आला. वकील ग्राहक कायद्याच्या कक्षेत नाहीत.

डॉक्टर 1995 पासून त्या कक्षेत आहेत. आजारी पडायचं तर पडा, भांडू मात्र नका.

निकालातलं एक कारण मला फार आवडलं. अशिलाचं वकिलावर बऱ्याच प्रमाणात थेट नियंत्रण असतं, म्हणून ही व्यक्तिगत सेवा. हे वाचल्याबरोबर मी माझं थेट नियंत्रण वापरून वकिलांना फोन लावला.

कारकुनाने उचलला. ‘साहेब कोर्टात आहेत.’ रविवार होता.

दुसरा दरवाजा बार कौन्सिलचा. महाराष्ट्र आणि गोवा मिळून आपली एक बार कौन्सिल आहे, मुंबईत. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार करता येते. शिस्तपालन समिती बसते. समिती काय करू शकते? तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते, नाव पटावरून काढू शकते.

नीट मोजलंत? ‘अशिलाचे पैसे परत द्या’ हे कलमातल्या यादीत नाही. माणसाची सनद जाऊ शकते, माझे 25 हजार येतीलच असं नाही.

वर्षाच्या आत निकाल लावावा असंही कायदा म्हणतो. नाही लागला तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे. भोपाळच्या एका सहकारी बँकेचं असंच झालं. बँकेने वकील बदलायचं ठरवलं, फायली परत मागितल्या. वकीलसाहेब म्हणाले, आधी माझे 97,100 रुपये, मग फायली. राज्याच्या बार कौन्सिलचं वर्ष उलटलं, प्रकरण दिल्लीला गेलं, तिथे 18 महिन्यांची बंदी झाली, साहेब सुप्रीम कोर्टात गेले. 2000 साली कोर्टाने ठणकावलं की फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून धरायचा वकिलाला हक्क नाही.

शिक्षा मात्र उतरवून समजेवर आणली. समज आली, एवढं काय कमी आहे?

कागद अडवता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. मूळ सातबारा, फेरफार, खरेदीखत, जे काय दिलं असेल ते हक्काने मागता येतं. पैशाचा वाद वेगळा, कागदाचा वेगळा. आपण दोन्हींची एकच पुरचुंडी बांधून देतो आणि दोन्हींसाठी एकदमच हात जोडतो.

तिसरा दरवाजा दिवाणी कोर्टाचा. तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. त्यासाठी काय लागतं? बरोबर. वकील. त्याच तालुक्यात, त्याच बाररूममध्ये बसणारा, माझ्या साहेबांच्याच डब्यातली भाजी खाणारा. मी एकाला विचारून पाहिलं.

‘करू की,’ तो म्हणाला. ‘फाईल उघडायला दहा द्या.’

गंमत बघा, सरकार या बाबतीत चक्क बरं आहे. लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं कलमच आहे, एकविसावं. ज्या सरकारी तिजोरीतून एकदा गेलेला पैसा परत आल्याचं पाहिलेला माणूस विरळा, तीही ‘मिटलं का? घ्या तुमचे पैसे’ म्हणते.

त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘जमीन माझ्या नावावर केली असतीत तर एवढे वाचले असते.’

मी पुढचं कलम वाचायला घेतलं.

माझा एक भाचा अमेरिकेत आहे. त्याला फोनवर हे रामायण ऐकवलं. तिकडे म्हणे बहुतेक ठिकाणी ॲडव्हान्स वकिलाच्या खिशात जात नाही, अशिलांच्या पैशाचं वेगळं खातं असतं, काम होईल तसतसे त्यातून काढायचे आणि न कमावलेले परत करायचे. ऐकायला स्वर्ग. मग म्हणाला, ‘मामा, पण ते सहा-सहा मिनिटांचं बिल लावतात.’ घर घेताना याने वकिलाला फोन करून आधी हवापाण्याची चौकशी केली, तीही बिलात आली.

आपल्याकडे हवापाणी फुकट आहे. म्हणूनच आपण तेवढंच बोलून येतो.

पूर्वी विलायतेत बॅरिस्टर फीला हातही लावत नसत म्हणे. गाऊनच्या पाठीवर जी छोटीशी झोळी लोंबते, तीत अशिलाने हळूच नाणी टाकायची आणि साहेबांनी न बघितल्यासारखं करायचं, अशी दंतकथा सांगतात. फी हा मोबदला नव्हे, मानधन. म्हणून त्यांना ती कोर्टात वसूलही करता येत नसे. आपल्याकडे 1926 च्या कायद्याने वकिलांना फीसाठी दावा लावायची सोय केली.

झोळी पाठीवर होती तोवर हात घालून नाणं परत काढता तरी येत असेल.

आता जरा दुसरी बाजू. कुणीतरी मांडली पाहिजे, आणि वकिलांनी स्वतः मांडली तर बिल येईल.

मी काय कमी छळलं का साहेबांना? रात्री साडेदहाला फोन. ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून चाळीस मिनिटं. आजोबांपासूनची सगळी हकिगत, विहिरीच्या पाळीपाळीने. तिच्यात केसच्या उपयोगाचं एकच वाक्य होतं आणि ते माझ्या विरुद्ध जात होतं. शिवाय एकदा मला सल्ला दिल्यावर त्याच वादात चुलतभावाचं काम त्यांना घेता येणार नव्हतं, नियम 33 आडवा येतो. म्हणजे भावकीच्या भांडणातलं एक अख्खं गिऱ्हाईक माझ्यापायी गेलं. याची किंमत शून्य कशी धरायची?

आणि अशीलही काही धुतल्या तांदळाचे नसतात. बाकावर माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ तीन केबिनींतून फुकट सल्ला काढून चौथीत आले होते. तीन सल्ले वेगवेगळे निघाले म्हणून वैतागले होते. चौथा फुकटच काढणार होते.

तेव्हा हिशोब साधा आहे. झालं तेवढं काम त्यांचं, उरलेले पैसे माझे. एवढी गोष्ट ठरवायला नियम, समिती, दिल्ली, सुप्रीम कोर्ट कशाला? ‘किती कामाचे किती’ हे देतानाच विचारलं असतं तर वाद उरला असता का? पण देताना मी विचार करत नव्हतो. चुलतभावाला कोर्टात उभा बघत होतो.

एका बाबतीत नशीब बलवत्तर. दावा दाखल झाला नव्हता. वकीलपत्र एकदा कोर्टात गेलं की ते संपायच्या वाटा मोजक्या. कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द करा, प्रकरण संपू द्या, नाहीतर दोघांपैकी एकाने मरा. दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं लिहिलेलंच आहे, ऑर्डर 3, नियम 4. मधेच वकील बदलायचा तर नव्याला जुन्याची संमती लागते, ती नसेल तर कोर्टाला कारण सांगून परवानगी. फ्लॅट विकताना सोसायटीची एनओसी, वकील सोडताना वकिलाची.

घटस्फोटाला निदान जोडीदाराची एनओसी लागतेच असं नाही.

माझं वकीलपत्र टेबलाच्या खणातच होतं. म्हणून मी एक कागद घेतला. साधा, रेघांचा. ‘महोदय, अमुक तारखेस आपणांस रोख 25,000 रुपये दिले. वाद आपसांत मिटल्याने पुढील काम करू नये. मिळालेल्या रकमेचा जमाखर्च, फी किती व खर्च किती असा वेगळा, द्यावा. नक्कलेचा खर्च देण्यास तयार आहे. कळावे.’ कलम नाही, धमकी नाही, ‘अन्यथा’ नाही. बायकोने ‘आपला नम्र’ खोडून नुसतं ‘आपला’ ठेवलं.

पुरावा काय होता? पावती नव्हतीच. पण त्या दिवशी कारकुनाने व्हॉट्सॲपवर ‘25 मिळाले’ लिहून शेवटी दोन जोडलेले हात टाकले होते. त्याची छापील प्रत पत्राला जोडली. आयुष्यात प्रथमच कुणाच्या जोडलेल्या हातांचा मला उपयोग झाला.

पत्र कारकुनाच्या हाती दिलं आणि माझ्या प्रतीवर पोच मागितली. त्याने पत्र वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ‘बसा’ म्हणाला. आधीच्या चार फेऱ्यांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

‘जमाखर्च’ या शब्दात काय जादू आहे कोण जाणे. आठवड्याने बोलावणं आलं. कागद तयार होता. सल्ला व कागदपत्रं तपासणं 6,000. नोटिशीचा मसुदा 5,000. टायपिंग, झेरॉक्स 800. किरकोळ 1,200.

टायपिंग आणि झेरॉक्स मिळूनही जे किरकोळ नव्हतं, त्याहून किरकोळ मोठं कसं? विचारणार होतो. पण खालची ओळ दिसली. परत देय 12,000. अशा वेळी माणूस व्याकरण तपासत नाही.

नोटिशीचा मसुदा मात्र मागून घेतला. पाच हजार मोजले होते, बघायला नको? पहिलंच वाक्य: ‘आमचे अशील हे सुशिक्षित, प्रतिष्ठित, शांतताप्रिय व कायद्याची चाड असणारे गृहस्थ असून...’

पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलेलं नाही. पाच हजार वसूल.

घरी नेऊन फ्रेम करायचा विचार होता. दुसरं वाक्य चुलतभावाबद्दल होतं, ते वाचून बेत सोडला. तो येत-जात असतो हल्ली.

साहेबांनी बारा हजार मोजून काचेवर ठेवले, बरोबर गणपतीवर. मी हात पुढे केला. साहेबांनी तळहात त्या गड्डीवर ठेवला.

‘एक मिनिट. पावती.’

कारकुनाने पावती आधीच टाइप करून ठेवली होती. तीन प्रतींत. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, मला वरील रक्कम रोख मिळाली असून सदर रक्कम पूर्ण व अंतिम हिशोबापोटी आहे. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.’ खाली साक्षीदारासाठी रेघ. पाच हजारांवरच्या पावतीला लागतं ते एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटही डकवून तयार. पंचवीस हजार घेताना ज्यांना कागदाचा कपटा सापडला नव्हता, त्यांना बारा देताना तीन प्रती सापडल्या.

या वेळी चष्मा नेला होता. सगळं वाचलं. कारकून घड्याळ बघत राहिला, बघू दिलं. मग तिकिटावर आडवी सही ठोकली, साक्षीदार म्हणून बाकावरच्या त्या चार केबिनीवाल्या गृहस्थांनी केली. तेवढ्यात त्यांनी साहेबांना एक शंकाही विचारून घेतली.

नोटा खिशात घातल्या, उठलो. दारापर्यंत आलो तर मागून कारकून.

‘साहेब, तिकिटाचा एक रुपया राहिला.’

खिसे चाचपले. पाचशेच्याच नोटा. सुटा रुपया नव्हता.

‘राहू द्या,’ कारकून म्हणाला. ‘पुढच्या केसला वळता करू.’